मुंबईत छोटं बुटीक हॉटेल घेताना काय काय विचारून घ्यावं? (जळगाव-भुसावळ-धुळे-नंदुरबारकडून जाणाऱ्यांसाठी)

केळीबाग, रावेर
राम राम मंडळी. मुंबईत ३ रात्रींचा मुक्काम आहे. आई-वडील (दोघं सत्तरीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं आणि ७ वर्षांचा मुलगा. दोन खोल्या हव्यात. बजेट एका खोलीला रोजचे साडेतीन ते साडेचार हजार. मोठं हॉटेल नको, लॉजही नको, मधलं पाहिजे. १५-२० खोल्यांची 'बुटीक' म्हणवणारी हॉटेलं फोर्ट, कुलाबा, दादर आणि अंधेरीत बरीच दिसतात, पण फोटोंवरून काहीच कळत नाही. गाडी रात्रीची आहे, पहाटे उतरणार. सिद्धिविनायक आणि गेटवे करायचंय. हॉटेलचं नाव नका सुचवू, तपासायचं कसं ते सांगा.

चाळीसगाव जंक्शन
भाऊ, आपल्याकडच्या माणसाने हॉटेल शोधताना आधी घड्याळ बघावं, फोटो नंतर. आपण रात्री बसतो आणि पहाटे ५ ते ७ च्या दरम्यान मुंबईत उतरतो. हॉटेलचा चेक-इन दुपारी १२ किंवा २ चा. म्हातारी माणसं आणि लहान पोर घेऊन हे मधले ६-८ तास कुठे काढायचे, यावरच पहिला दिवस ठरतो.

मार्ग चार आहेत.

पहिला, आदल्या रात्रीपासून खोली घ्यायची. १४ तारखेच्या रात्री गाडीत बसून १५ च्या पहाटे पोचणार असाल, तर बुकिंग १४ पासूनचं हवं. निम्मे लोक १५ टाकतात आणि रिसेप्शनवर वाद होतो. उलटी चूकही होते. गाडी रात्री १२ वाजून २० मिनिटांची असेल तर तिकिटावर १५ तारीख पडते, तरीही खोली १४ च्या रात्रीचीच लागते.

दुसरा, लवकर चेक-इनचे पैसे. सकाळी ८-९ च्या आत खोली हवी असेल तर बरीच हॉटेलं अर्ध्या दिवसाचं भाडं मागतात. ते आधी फोनवर ठरवून लेखी घ्यायचं.

तिसरा, चोवीस तासांचा चेक-इन देणारं हॉटेल. सकाळी ६ ला आलात की दुसऱ्या दिवशी ६ ला दिवस संपला. पहाटे उतरणाऱ्याला सोयीचं, पण परतीची गाडी रात्रीची असेल तर शेवटच्या दिवशी हेच अंगावर येतं.

चौथा, स्टेशनवर आवरून घ्यायचं. रेल्वेच्या रिटायरिंग रूम कन्फर्म किंवा आरएसी तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन मिळतात. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ पासून पॉड हॉटेल आहे, पुढे सीएसएमटीलाही झालं. पण पॉड म्हणजे बहुधा एका माणसाची झोपायची पेटी. सत्तरीच्या माणसाला त्यात चढायला लावू नका.

तुमच्या घरच्यांसाठी माझं मत: आई-वडिलांची खोली आदल्या रात्रीपासून घ्या, तुमची दुपारपासून. पाचही जण त्या एका खोलीत आवरतील, आई-वडील आडवे होतील आणि एका खोलीचं एका रात्रीचं भाडं वाचेल.

रिसेप्शनची बाजू
वरच्या पहिल्या मार्गात एक खड्डा आहे, तो सांगतो. आदल्या रात्रीचं बुकिंग करून तुम्ही पहाटे ५ ला पोचता, पण हॉटेलला ते माहीत नसतं. रात्री साधारण १२ ते ३ च्या मध्ये दिवसाचा हिशेब बंद होतो, त्याला नाइट ऑडिट म्हणतात. तोवर न आलेला पाहुणा 'नो-शो' धरला जातो, आणि छोट्या हॉटेलात ती खोली दुसऱ्याला जाऊ शकते. म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळी फोन करून गाडीचं नाव आणि पोचायची वेळ नोंदवायला सांगा. फोन घेणाऱ्याचं नाव विचारा, मग तेच मेसेजनेही पाठवा.

खोली लवकर का मिळत नाही तेही समजून घ्या. १८-२० खोल्यांच्या हॉटेलात सफाईला दोन-तीन माणसं. रिकामी झालेली खोली पूर्ण तयार व्हायला ३०-४० मिनिटं लागतात. पाहुणे ११ ला सोडतात, मग तुमची खोली साडेबारा-एकला मिळाली तर त्यात कुणाची टाळाटाळ नसते. मात्र आदल्या रात्री हॉटेल भरलं नसेल तर एखादी तयार खोली उभीच असते. म्हणून 'लवकर चेक-इन मिळेल का' असं विचारू नका. 'काल रात्री रिकामी राहिलेली खोली आहे का' असं विचारा. या प्रश्नाला हो किंवा नाही असंच उत्तर येतं.

फोर्ट, बीकेसी (बांद्रा-कुर्ला संकुल), अंधेरी या कामकाजाच्या भागात शनिवार-रविवारी खोल्या जास्त मोकळ्या असतात. कुलाब्यात उलट, तिथे सुटीलाच गर्दी. २० डिसेंबर ते २ जानेवारी सगळीकडेच भाव चढलेले.

धुळेकर
स्टेशन कोणतं तेही आधीच ठरवा. भुसावळ-जळगाव-चाळीसगावकडून मध्य रेल्वेने आलात तर दादर, सीएसएमटी किंवा कुर्ल्याचं टर्मिनस. नंदुरबार-अमळनेरकडून सुरतमार्गे आलात तर पश्चिम रेल्वेचं दादर, मुंबई सेंट्रल किंवा बांद्रा टर्मिनस. सायन आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाही, म्हणजे दादर-परळ-फोर्टला टॅक्सीच. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. पाच माणसं आणि बॅगा म्हटल्यावर दोन टॅक्सी धरा.

आग्रा रोडने स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्यांसाठी: मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांचा टोल ऑक्टोबर २०२४ पासून माफ आहे, पण छोट्या हॉटेलला पार्किंग बहुधा नसतंच. 'पार्किंग आहे' म्हणाले तर ते आवारात की रस्त्यावर, आणि रात्रीचे किती, हे विचारा.

यावलची लेक
दादा, आईच्या गुडघ्यांसाठी हे नीट वाचा. फोर्ट-कुलाब्यातली बरीचशी छोटी हॉटेलं जुन्या दगडी इमारतींत एक-दोन मजले घेऊन केलेली असतात. 'लिफ्ट आहे' हे खरं असतं, पण लिफ्ट कुठून सुरू होते ते कुणी सांगत नाही. रस्त्यापासून लिफ्टच्या दारापर्यंत ८-१० पायऱ्या असू शकतात. प्रश्न असा विचारा: 'रस्त्यावरून खोलीच्या दारापर्यंत एकूण पायऱ्या किती?' आकडाच घ्या. लिफ्ट जाळीच्या दाराची असेल तर तिच्यात दोन-तीन माणसांच्या वर मावत नाहीत, बॅगा वेगळ्या फेरीत न्याव्या लागतात. रात्री लिफ्ट बंद करतात का, हेही विचारून ठेवा.

दुसरं म्हणजे न्हाणीघर. जुन्या इमारतीत संडास-बाथरूम नंतर घातलेलं असतं. सांडपाण्याच्या पाइपाला उतार द्यायला जमीन उचलावी लागते, म्हणून दारातच ६-८ इंचांची पायरी येते. म्हातारं माणूस रात्री अंधारात तिथेच पडतं. आई-वडिलांसाठी पायरी नसलेली खोली मागा. नसेलच तर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवून दार अर्धं उघडं ठेवा. कमोडशेजारी धरायला दांडी आहे का, फरशी गुळगुळीत आहे का, एवढंही विचारायला हरकत नाही. चांगली हॉटेलं या कोपऱ्यांचे फोटो पाठवतात.

अहिराणी माणूस
बादली-मगनं आधीच सांगी ठेवा दादा. नुसता शॉवर ऱ्हास आनि म्हातारा मानूसनी पंचाईत व्हस. प्लास्टिकनं स्टूल बी मांगी ल्या.

पाणी-वीज, भुसावळ
बादलीचा विषय निघालाच आहे तर गिझरचंही ऐका. 'गरम पाणी २४ तास' यावर विसंबू नका, गिझर किती लिटरचा ते विचारा.

३ लिटरचा इन्स्टंट गिझर ३ किलोवॉटचा असतो. पाणी २० अंशांनी तापवायचं तर त्यातून मिनिटाला जेमतेम २ लिटर निघतं. १५ लिटरची बादली भरायला ७ मिनिटं. नळ पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं आणि लोक म्हणतात गिझर बिघडलाय. नळाची धार बारीक ठेवा, काम होतं.

१५ लिटरचा साठवणीचा गिझर २ किलोवॉटवर ३० अंश चढायला १६ मिनिटं घेतो, २५ लिटरचा २६ मिनिटं. १५ लिटरच्या गिझरवर दोन माणसांच्या आंघोळी गार पाणी मिसळून होतात, तिसऱ्याला पाव तास थांबावं लागतं. पहिल्या सकाळी एकाच खोलीत पाच जण आवरणार असाल तर हा हिशेब आधीच मांडा. सगळ्यांना मिळून सव्वा-दीड तास जाईल.

खोलीत शिरल्या शिरल्या बाथरूमचा वास आला तर लगेच खोली बदलू नका. खोली काही दिवस बंद राहिली की नहाणी ट्रॅपमधलं (फरशीच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपातलं) पाणी आटतं. ते पाणीच गटाराच्या वासाला बूच असतं. जाळीत दोन मग पाणी ओता, पंखा लावा, पाच मिनिटं थांबा. वास गेला तर प्रश्न मिटला. तरीही येत राहिला तर जोडणीतच दोष आहे, तेव्हा मात्र खोली बदलून मागा.

चावी म्हणून मिळणारं की-कार्ड भिंतीवरच्या खाचेतून काढलं की खोलीची वीज जाते, चार्जिंगही थांबतं. कुठलं सॉकेट चालू राहतं ते विचारा. वडील-आई इन्सुलिन घेत असतील तर हे सगळ्यांत महत्त्वाचं: न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. खोलीतला छोटा मिनी-फ्रिज अनेकदा तितका थंड होत नाही, आणि की-कार्डच्या लाइनवर असेल तर तुम्ही बाहेर गेलात की बंदच. औषध नाव लिहिलेल्या डब्यात घालून किचनच्या फ्रिजमध्ये ठेवायला द्या. फ्रीझरमध्ये नाही, हे तोंडी दोनदा सांगा. गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजायचं.

खोलीतल्या किटलीत पोरासाठी दूध तापवू नका. तळाला लागून करपतं आणि किटली बंद पडते. पॅन्ट्रीतून गरम दूध मागवा.

तापीकाठ
खिडकीचा एवढा बाऊ कशाला करतात लोक? एसी आहे, रात्री झोपायलाच तर जायचंय. आतल्या बाजूची, बिनखिडकीची खोली पाच-सातशेने स्वस्त पडते आणि शांतही असते.

यावलची लेक
तापीकाठ भाऊ, शांत असते हे खरं, पण मुंबईचा दमटपणा हिशेबात धरा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश असलं तरी हवा कोरडी, ओला टॉवेल तासाभरात वाळतो. तिथे बिनखिडकीच्या खोलीत तो दुसऱ्या दिवशीही ओलाच. भिंतीला, उशीला, एसीच्या जाळीला कुबट वास धरतो. जून ते सप्टेंबर तर अशी खोली नकोच, आणि दमा असलेल्या माणसाला कधीच नको. एसीला 'ड्राय' मोड असतो, तो तासभर लावला की हवेतला ओलावा उतरतो. पण घ्यावी खिडकीचीच.

रिसेप्शनची बाजू
आगीचा मुद्दाही त्यातच येतो. खिडकी उघडते का, की पक्की बंद काच आहे, ते पोचल्यावर बघा. दोन जिने आहेत का, दुसऱ्या जिन्याच्या वाटेत गाद्या-चादरी रचल्यात का, ते मजल्यावर एक फेरी मारून कळतं. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा द्यावं लागतं. ते आहे का, असं विचारायला संकोच करू नका.

'खिडकी आहे' याचेही तीन अर्थ होतात: रस्त्यावर उघडणारी, मागच्या गल्लीत उघडणारी आणि डक्टमध्ये उघडणारी. डक्टमध्ये पाइप आणि एसीचे बाहेरचे डबे असतात, उजेड नसतो. झोपेसाठी मागच्या गल्लीकडची सगळ्यांत चांगली. लिफ्टला, पॅन्ट्रीला आणि जनरेटरला लागून नको. अगदी वरच्या मजल्यावर गच्चीवरचा कॅफे असेल तर त्याच्या खालचीही नको.

केळीबाग, रावेर
हे सगळं उतरवून घेतोय. आता दोन शंका. फोटोत खोली मोठी दिसते, खरी किती ते कसं ओळखायचं? आणि साइटवर ४,००० दिसतात, शेवटी किती द्यावे लागतात?

रिसेप्शनची बाजू
खोलीचा आकार: 'डिलक्स', 'सुपीरियर', 'प्रीमियम' या शब्दांना काही अर्थ नाही. 'बुटीक' शब्दालाही ठरलेलं माप नाही आणि पर्यटन मंत्रालयाचं तारांकनही ऐच्छिक आहे. म्हणून चौरस फूट विचारा, बाथरूम धरून की सोडून तेही विचारा. मग पलंगावरून ताळा घ्या. क्वीन पलंग ५ बाय साडेसहा फूट, म्हणजे साडेबत्तीस चौरस फूट. किंग ६ बाय साडेसहा, म्हणजे ३९. खोली १२० चौरस फूट सांगितली, त्यात बाथरूमचे ३० गेले आणि किंग पलंग असेल, तर कपाट, टेबल आणि चालायला मिळून ५१ उरले. त्यात मुलासाठी जादा गादी टाकली की दोन बॅगा उघडायला जागा नाही. तुमची तिघांची खोली बाथरूम धरून १६० च्या खाली नको.

आई-वडिलांना वेगळे पलंग हवे असतील तर 'ट्विन' मागा. दोन पलंग जोडून डबल करून देतात तेव्हा मधे फट राहते, तीही विचारा.

फोटो रुंद लेन्सचे असतात. पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघा आणि अभिप्राय नव्यापासून लावून शेवटच्या तीन महिन्यांचेच वाचा. स्मेल, विंडो, नॉइज, हॉट वॉटर हे शब्द शोधा. एकाच खोलीबद्दल दोघांनी तेच लिहिलं असेल तर तो खोलीचा दोष समजा.

मुलाचं: साधारण ५-६ वर्षांपर्यंत फुकट, पुढे १२ पर्यंत जादा गादीचे पैसे, अशी पद्धत आहे. पण प्रत्येक हॉटेलची रेघ वेगळी असते. ७ वर्षं असं बुकिंगमध्येच लिहा, दारात वाद नको.

खतावणी, अमळनेर
पैशांचं मी सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० पर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के, आधी तो १२ होता. म्हणजे ४,००० वर २०० धरून ४,२००. कुणी अजून १२ टक्के लावून ४,४८० सांगत असेल तर बिल नीट बघायला लावा. ७,५०० च्या वर १८ टक्के, आणि कर प्रत्यक्ष आकारलेल्या भाड्यावर ठरतो. डिसेंबरात भाव चढतात तेव्हा ही रेघ फार महाग पडते. ७,४०० चे ७,७७० होतात, आणि ७,६०० चे ८,९६८. दोनशेच्या फरकाला जवळजवळ बाराशे जादा.

व्यापाऱ्यांसाठी: धंद्याच्या कामाचा मुक्काम असेल तर बुकिंग करतानाच दुकानाचा जीएसटी नंबर टाका, नंतर बिल बदलून मिळवणं अवघड. हॉटेलच्या मुक्कामाचा कर इमारत ज्या राज्यात आहे तिथला लागतो. त्यामुळे मुंबई-पुण्याच्या बिलावरचा कर आपल्या देण्यातून वजा करण्याचा विचार होऊ शकतो, पण सुरत किंवा इंदूरच्या बिलावर गुजरात-मध्य प्रदेशचा कर असतो, तो महाराष्ट्राच्या नोंदणीला उपयोगी पडत नाही. आपल्या सीएला दाखवूनच नोंद करा.

जेवणाच्या बिलात 'सर्व्हिस चार्ज' आपोआप जोडलेला दिसला तर काढायला सांगा. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तशी सक्ती करू नये असं सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते योग्य ठरवलं. ऐकलं नाही तर १९१५ वर तक्रार होते.

चाळीसगाव जंक्शन
साइटवरून की थेट, हा प्रश्न राहिलाच. साइट हॉटेलकडून साधारण १५ ते २५ टक्के घेते. म्हणून साइटवरचा भाव बघा, मग हॉटेलला फोन लावून 'या भावात तुम्ही काय जास्त द्याल' असं विचारा. भाव कमी करून मागण्यापेक्षा लवकर चेक-इन किंवा नाश्ता मागितला तर लवकर मिळतं, कारण त्यात त्यांच्या खिशातून थोडंच जातं. तुमच्यासारख्या दोन खोल्या आणि तीन रात्री असतील तर नक्की विचारा. मात्र थेट बुकिंगला रद्द करण्याची अट लेखी घ्या. 'हॉटेलवर पैसे द्या' प्रकारचं बुकिंग असेल तर आदल्या दिवशी पुन्हा फोन हवाच.

धुळेकर
ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ न्या. पॅन कार्डावर पत्ता नसतो, ते चालत नाही. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या.

यावलची लेक
खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर ठेवू नका. गादीची कोपऱ्याची शिवण आणि पलंगाच्या डोक्याकडची फळी मोबाइलच्या दिव्याने बघा. काळे बारीक ठिपके दिसले तर ढेकूण. तसं असेल तर शेजारची खोली घेऊ नका, वेगळ्या मजल्यावरची मागा.

नाश्त्याचं एक सांगते. छोट्या हॉटेलात नाश्ता ८ ला सुरू होतो. आपल्याकडची म्हातारी माणसं ६ ला चहा मागतात. पॅन्ट्री किती वाजता उघडते ते विचारा. कांदा-लसूण चालत नसेल तर आदल्या रात्रीच सांगून ठेवा. घरचं भरीत, शेव, कळण्याची भाकरी नेली तर खोलीत खायला सहसा कुणी अडवत नाही, पण गरम करून मिळेल याची खात्री धरू नका.

चाळीसगाव जंक्शन
शेवटच्या दिवसाचं. चेक-आउट ११ ला आणि गाडी रात्रीची. सामान त्या दिवसापुरतं फुकट ठेवून घेतात, पण प्रत्येक बॅगेचा टॅग घ्या. दागिने आणि रोकड त्या बॅगेत नको. झवेरी बाजाराचं काम घेऊन जाणाऱ्यांनी खोलीतल्या चार आकड्यांच्या तिजोरीवरही भिस्त ठेवू नये. तिला मास्टर कोड (हॉटेलकडे असलेला, ती उघडणारा वेगळा आकडा) असतो, आणि ती भिंतीला बोल्टने आवळलेली नसेल तर उचलूनही नेता येते.

जागेचं म्हणाल तर तुमच्या कामाला सीएसएमटीच्या आसपासचं फोर्ट बरं. मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड पूर्ण चालू आहे. सीएसएमटीला बसा आणि थेट सिद्धिविनायक स्टेशनला उतरा. स्टेशनांत लिफ्ट आहेत, आईंना लोकलपेक्षा सोपं जाईल. गेटवेला टॅक्सी.

केळीबाग, रावेर
फोर्टमधल्या दोन हॉटेलांना पाठवायला हा मेसेज लिहिलाय, काही राहिलं का बघा:

'१४ तारखेच्या रात्रीपासून १ ट्विन खोली आणि १५ च्या दुपारपासून १ डबल खोली हवी, दोन्ही १७ ची रात्र धरून, १८ ला सकाळी सोडू. पहिल्या खोलीत १५ ला पहाटे ६ च्या सुमारास पोचू, नो-शो धरू नये. ४ मोठे, १ मूल (७ वर्षं). कळवावे: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, बाथरूमला पायरी आहे का, खिडकी कुठे उघडते, बाथरूम धरून चौरस फूट किती, गिझर किती लिटरचा, जादा गादीचे किती, चेक-आउट किती वाजता, कर धरून एकूण रक्कम किती. बादली, मग आणि स्टूल लागेल.'

रिसेप्शनची बाजू
दोनच भर घाला. 'दोन्ही खोल्या एकाच मजल्यावर, जवळजवळ' हे आत्ताच लिहा, पोचल्यावर ते जमत नाही. आणि पहाटे पाचही जण पहिल्या खोलीत येणार, दुसरी दुपारी मिळेल हे मान्य आहे, असं स्पष्ट लिहा. नाहीतर रात्रपाळीचा माणूस दोघांच्या खोलीत पाच जणांना वर सोडणार नाही, आणि मालकाला तो पहाटे सहाला उठवणार नाही.